आपत्तीसाठी राखीव रुग्णालय: आधी खाटा मांडू नका

पूर-भूकंपात वापरता येईल असं 50 खाटांचं राखीव रुग्णालय डिझाइन करताना सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय. मी रुग्णालयांत ऑक्सिजनच्या पाइपलाइनी टाकतो, म्हणून तिथूनच सांगतो.

जंबो सिलिंडरमध्ये साधारण 7000 लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला 10 लिटर लागणारा रुग्ण तो बारा तासांच्या आत संपवतो. म्हणजे एका रुग्णाला दिवसाला दोनाहून जास्त आणि पन्नासही जण तसेच असतील तर शंभरावर सिलिंडर. रोज तेवढे भरलेले आत न्यायचे, तेवढेच रिकामे बाहेर काढायचे. एका सभागृहात घाईघाईनं वॉर्ड उभारला तेव्हा मी तिथं होतो. खाटा ओळीत, चादरी स्वच्छ. पण सिलिंडर पायऱ्यांवरून दोघादोघांनी चढवायचे आणि व्हॉल्व्हचा पाना मात्र एकच. रात्री सिलिंडर संपत आला की "पाना कुणाकडे आहे?" अशी हाकाटी सुरू व्हायची. रुग्णाचे नातेवाईक त्या वेळी आमच्या तोंडाकडे बघत असायचे. ते मी विसरू शकत नाही.

म्हणून एरवी दुसऱ्या कामाला वापरता येईल अशी इमारत धरा आणि ती बांधतानाच ऑक्सिजनच्या नळ्या, वायरिंग भिंतीत टाका. इस्रायलमध्ये हैफाच्या रामबाम रुग्णालयाचं तीन मजली भूमिगत पार्किंग असंच आहे. एरवी तिथं गाड्या लागतात, गरज पडली की 2000 खाटा मांडता येतात. ऑक्सिजन आणि विजेची सोय आधीपासून आहे.

विजेचा विचार करताना जनरेटरपाशी थांबू नका. 2012च्या सँडी वादळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाचे जनरेटर 13व्या मजल्यावर सुरक्षित होते, पण डिझेल वर चढवणारे पंप तळघरात. तिथं पाणी शिरलं. लोकांनी जिन्यात रांग लावून डिझेल हातोहात वर पोचवलं, तरी शेवटी रुग्णालय रिकामं करावंच लागलं.

पाणी दाखल रुग्णामागे दिवसाला किमान 40 ते 60 लिटर धरा. तेवढंच सांडपाणी जाणार कुठे, तेही त्याच दिवशी ठरवा. संसर्गाचे रुग्ण येणार असतील तर त्यांचा दरवाजा वेगळा हवा.

आता नकाशावर दोन रेघा मारा: एक ट्रकपासून खाटेपर्यंत सिलिंडरची, दुसरी ॲम्ब्युलन्सपासून खाटेपर्यंत स्ट्रेचरची. स्ट्रेचर जिथं वळणार नाही किंवा मध्ये पायरी येईल, तिथला नकाशा बदला. खाटा त्यानंतर मांडा.