शिकाऊ विमान शेतात उतरलं तर गावकऱ्यांनी काय करावं?

तुम्ही विचारलंय, "आमच्या गावावरून दिवसभर शिकाऊ विमानं घिरट्या घालतात. एखादं शेतात आलंच तर आम्ही काय करायचं?" माझ्या शेतात आलं होतं, म्हणून लिहितो.

आमचं गाव वैनगंगेच्या पट्ट्यातलं, धानाचं. फेब्रुवारीचे दिवस, बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वाफ्यांत, लाखोरी (लाखेची डाळ) कापणीला आलेली. विमानाच्या आवाजाची कानाला एवढी सवय की तो थांबला तेव्हाच मी वर पाहिलं. इंजिन गप्प, नुसती वाऱ्याची सूं सूं.

इंजिन बंद पडलं तरी विमान दगडासारखं खाली येत नाही. सेस्ना 172 सारखं लहान विमान हजार फुटांवरून तरंगत अडीच-पावणेतीन किलोमीटर जातं. पायलटच्या हाती दीडेक मिनिट असतं. तेवढ्यात जागा हेरायची, आणि आमच्याकडे तीच पंचाईत. हिरवंगार सपाट दिसतं ते उन्हाळी धान, खाली चिखल. चाकं रुतली की विमान नाकावर उलटलंच. रस्त्याच्या कडेनं विजेच्या तारा. तारांचं भय या भागाला माहीत आहे. एप्रिल 2017 मध्ये एक शिकाऊ विमान नदीवर आडव्या ताणलेल्या केबलला धडकून वैनगंगेत पडलं होतं, त्यातले दोघंही गेले. राहिल्या कोरड्या बांध्या, पण वरून धुरे, म्हणजे बांध, नुसत्या रेघांसारखे दिसतात. या विमानानं पहिला धुरा कसाबसा पार केला, दुसऱ्यानं पुढचं चाक मोडलं आणि नाकावरचा फिरता पंखा मातीत वाकला.

आत एकटी पोरगी होती, वीसेक वर्षांची. दार उघडंच होतं. "उडी मारायला निघाली होती," असं गावात आजही सांगतात. खरं म्हणजे जमिनीला टेकायच्या आधी दार मोकळं करायचंच असतं, सांगाडा वाकून दार अडकलं तर माणूस आत कोंडला जाऊ नये म्हणून. ती स्वतःच उतरली, धुऱ्यावर बसली आणि माझा फोन मागितला. नंबर पाठ होता, पण बोट जागेवर पडेना. मग ती आकडे सांगत गेली नि मी दाबत गेलो.

तोवर अर्धं गाव आलं. खरा धोका इथून सुरू होतो, हे मी छातीठोक सांगतो. अशा विमानाच्या पेट्रोलच्या टाक्या बहुधा पंखांत असतात. एका पंखाखाली थेंब टपकत होते आणि आमचे एक काका बिडी पेटवून खाली वाकून बघत होते! त्यांना ओढून काढलं तर दोन पोट्टे वाकलेला पंखा सरळ करायला निघाले. "पंख्याला हात नोको लावू रे!" पोरगी हिंदीत ओरडत होती, मी आपल्या भाषेत. या इंजिनाची ठिणगी बॅटरीवर नसते, मॅग्नेटोवर असते, म्हणजे इंजिन फिरलं की स्वतःच वीज तयार करणाऱ्या यंत्रावर. त्याचा स्विच चालू राहिला असेल तर हातानं फिरवलेला पंखाही इंजिन पेटवू शकतो. हात जाईल, डोकंही.

म्हणून आधी आतल्या माणसाला बघा. तो स्वतः निघत असेल तर निघू द्या. जखमी असेल आणि आग नसेल तर मान हलवू नका, 108 लावा, पोलिसांसाठी 112. आग दिसत असेल तर मात्र ओढून काढा, तिथं मान-बिन बघायची नाही. वारा जिकडून येतो त्या अंगाला लोकांना लांब उभं करा.

दुसरं, काही उचलू नका. अपघाताची चौकशी केंद्राचा विमान अपघात तपास विभाग करतो. 2017 च्या नियमांप्रमाणे माणसं-जनावरं वाचवायला किंवा आग टाळायला लागेल तेवढंच हलवता येतं. आमच्यात एकानं तुटलेला तुकडा आठवण म्हणून घरी नेला होता. पोलीस पाटलांनी संध्याकाळी दारोदार फिरून तो परत आणवला. बारीक तुकडा कुठं पडला होता यावरूनही ते लोक बरंच काही ताडतात.

पिकाचं काय, हेही सगळे विचारतात. विमानानं चाकाच्या दोन रेघा पाडल्या, बस. पंचनाम्याला तलाठी आले तेव्हा दीड एकर लाखोरी भुईसपाट होती, ती बघ्यांनी तुडवली. ते म्हणाले, "हे विमानाचं नुकसान लिहू का?" मी म्हटलं, राहू द्या साहेब. त्या गर्दीत माझे दोन साळे आणि स्वतःचा पोरगाही होता.