मोर्चानंतरच्या दिवसांविषयी

प्रिय सहकाऱ्यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. मोर्चाला अपेक्षेपेक्षा अधिक माणसे आली, निवेदन दिले गेले, आणि पुढच्या बैठकीला मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली, हे तू ज्या निराशेने लिहिले आहेस ती मी समजू शकते. पण तिचा राग लोकांवर काढू नकोस. सोबत पाठवलेली निवेदनाची प्रत मी दोनदा वाचली. तिच्यात समता आहे, न्याय आहे, सन्मानही आहे. परंतु कोणत्या अधिकाऱ्याने कोणता आदेश कोणत्या तारखेपर्यंत काढावा, याचा एका ओळीनेही उल्लेख नाही. असे निवेदन घेणाऱ्याची काहीच पंचाईत होत नाही, म्हणून तो ते हसतमुखाने घेतो. आणि पुढे नेमके काय मागायचे हेच ठरलेले नसेल, तर कामधंदा बुडवून माणसांनी बैठकीला तरी कशासाठी यावे?

महाडचा सत्याग्रह आपण वर्धापनदिनी आठवतो, पण त्याआधीचा कागदोपत्री इतिहास सहसा कोणी सांगत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ मध्येच संमत झाला होता आणि १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तो आपल्यापुरता मान्यही केला होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारोंसह चवदार तळ्यावर गेले तेव्हा एका अर्थी ते नगरपालिकेच्याच ठरावाची अंमलबजावणी करत होते. मागणीला आधार असा पक्का असला की विरोधकाला उघडे पडावेच लागते. पुढे त्याच नगरपालिकेने ठराव मागे घेतला, प्रकरण न्यायालयात गेले आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल लागायला १९३७ साल उजाडले. एका तळ्याच्या पाण्यासाठी लागलेला हा काळ ध्यानात ठेव, म्हणजे मोर्चानंतर महिनाभरात काही घडले नाही याचे तुला इतके वाईट वाटणार नाही.

अमेरिकेतील माँटगोमेरी शहराचेही तसेच. कृष्णवर्णीयांनी ५ डिसेंबर १९५५ रोजी तेथील बसगाड्यांवर बहिष्कार सुरू केला तेव्हा त्यांच्या मागण्या आश्चर्य वाटावे इतक्या माफक होत्या: चालकांनी सौजन्याने वागावे, आधी येईल त्याला आधी बसू द्यावे, आणि जेथे बहुतेक प्रवासी कृष्णवर्णीय आहेत त्या मार्गांवर कृष्णवर्णीय चालक नेमावेत. एवढेही नाकारले गेले, आणि त्यानंतर वर्णभेदाच्या कायद्यालाच न्यायालयात आव्हान देण्यात आले. जी कथा सगळीकडे सांगितली जाते तिच्यात एक थकलेली स्त्री बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागेवरून उठायला नकार देते आणि तिला अटक होते; ती स्त्री, रोझा पार्क्स, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेची कित्येक वर्षे सचिव होती, हे त्या कथेतून गळून पडते. तिच्या अटकेच्या रात्री जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने महाविद्यालयाच्या चक्रमुद्रण यंत्रावर हजारो पत्रके काढली, कारण महिलांच्या मंडळाची तयारी आधीपासून होती. पुढे बहिष्कार ३८१ दिवस चालला तो कोणाची मोटार कोणत्या ठिकाणाहून कोणाला घेऊन जाईल, पेट्रोलचे पैसे कोठून येतील, याच्या रोजच्या आखणीवर. भाषणे लोकांच्या लक्षात राहिली. ही आखणी करणाऱ्यांची नावे फारच थोड्यांना ठाऊक आहेत. तुझ्याकडे बोलणारे पुष्कळ आहेत, आखणी करणारे दोघे तरी आहेत का, ते पाहा.

आता कागदांविषयी, कारण तुमच्या पिढीला त्यांचा कंटाळा आहे. प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी, तिच्यावर आवक क्रमांक आणि तारीख आहे याची खात्री करावी, आणि कोणता अधिकारी काय म्हणाला ते त्याच दिवशी वहीत उतरवावे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून ज्या जनसुनवाया घेतल्या, त्यांत मुख्य काम वाचनाचे होते. सरकारी कामाचे हजेरीपट भर सभेत मोठ्याने वाचले जात. एखादे नाव आले की तो माणूस उठून सांगे की मी त्या कामावर पाऊलही ठेवलेले नाही, आणि काही नावे तर मरण पावलेल्यांची निघत. आरोप करणारा बाहेरून आलेला कोणी कार्यकर्ता नसे. ज्याची मजुरी बुडाली तोच उभा राहून बोले. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या मुळाशी ज्या चळवळी आहेत त्यांत ही एक ठळक चळवळ आहे. ज्यांचा प्रश्न आहे त्यांनी कागद स्वतः वाचणे किंवा वाचून घेणे याला दुसरा पर्याय मला तरी दिसलेला नाही.

शांततेच्या कामाविषयी तू विचारले आहेस. तणाव पेटल्यानंतर काढलेल्या सद्भावना फेरीवर माझा फारसा विश्वास नाही. २००३ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया या देशातील ख्रिस्ती आणि मुस्लिम स्त्रिया तेथील यादवी युद्ध थांबावे म्हणून पांढरे कपडे घालून दिवसेंदिवस एकत्र बसल्या. घानाची राजधानी अक्रा येथे शांततेच्या वाटाघाटी रेंगाळल्या तेव्हा त्यांनी सभागृहाची दारे अडवून धरली. इतके धैर्य एका दिवसात गोळा होत नाही. म्हणून दोन्ही वस्त्यांना सारखाच जाचणारा एखादा प्रश्न शोध, मग तो पाण्याचा असो वा सांडपाण्याचा, आणि त्यावर दोन्हीकडच्या माणसांना एका समितीत बसव. अफवा पसरेल त्या रात्री एकमेकांना दूरध्वनी करण्याइतकी ओळख त्यातूनच होते.

पैशांबाबत थोडक्यात सांगते: जमाखर्च दर बैठकीत वाचून दाखवावा, रक्कम कितीही लहान असो.

आणखी एक, जे ऐकायला तुला आवडणार नाही. तुझ्या पत्रासोबतच्या छायाचित्रांत ध्वनिक्षेपक सगळीकडे पुरुषांच्याच हाती आहे आणि सतरंज्या गोळा करणाऱ्या सगळ्या स्त्रिया आहेत. बाहेर समता मागणाऱ्या संघटनेत हे चालणार नाही. लोक हे पाहतात आणि न बोलता बाजूला होतात. कामांची पाळी लाव, आणि बैठकीचे अध्यक्षस्थान दर वेळी बदल.

निवेदनाचा नवा मसुदा लगेच माझ्याकडे पाठवू नकोस. ज्या वस्तीसाठी तो आहे तेथील स्त्रियांना आधी वाचून दाखव, त्या जे खोडायला सांगतील ते खोड, त्या जी तारीख ठरवतील ती लिही, आणि मग एक प्रत मला पाठव.

तुझी हितचिंतक