बाबा आलेत, पण गप्प असतात

‘बाबा मे महिन्यात आमच्याकडे न्यू जर्सीला आले. वय 74. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच एकटे आलेत. दर शनिवार-रविवारी आम्ही त्यांना कुठे ना कुठे नेतो, घरी माणसं बोलावतो. तरी ते गप्प असतात. विचारलं तर “मी मजेत आहे, तुम्ही तुमची कामं करा” एवढंच म्हणतात. दोन्ही मुलं इंग्रजीतच बोलतात. बाबांच्या आठवणी जपून ठेवाव्यात असं फार वाटतं, पण सुरुवातच होत नाही. नोव्हेंबरमध्ये ते परत जातील. काय करू?’

तुमच्या पत्रात शनिवार-रविवार भरगच्च आहेत, सोमवार ते शुक्रवारबद्दल मात्र एक ओळही नाही. त्या पाच दिवसांत बाबा काय करतात, कुठल्या खुर्चीत बसतात, दुपारी घर रिकामं असताना कोणाशी बोलतात, हे आधी बघा. सहा महिन्यांच्या मुक्कामात त्यांचा खरा सहवास या साध्या दिवसांतच मिळणार आहे, आणि आठवणीही तिथेच निघतील.

पण त्याआधी एक गोष्ट तपासा. त्यांना नीट ऐकू येतं का? जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार साठीपुढच्या 25 टक्क्यांहून अधिक लोकांना रोजच्या व्यवहारात अडचण यावी इतका श्रवणदोष असतो. वय वाढतं तशी वरच्या पट्टीतले आवाज ऐकण्याची ताकद आधी जाते. स, श, फ यांसारखी व्यंजनं त्याच पट्टीतली. त्यामुळे आवाज कानावर पडतो, शब्द मात्र लागत नाही. असा माणूस शांत खोलीत एकाच माणसाशी छान गप्पा मारतो, पण माणसांनी भरलेल्या दिवाणखान्यात पार हरवतो. दोन-तीनदा भलतंच उत्तर दिलं गेलं की तो बोलणंच सोडून देतो. घरच्यांना वाटतं, बाबांना करमत नाही.

म्हणून पुढच्या वेळी घरी माणसं बोलवाल तेव्हा पाच-सहाच बोलवा. बाबांची खुर्ची भिंतीला पाठ लागेल अशी ठेवा, स्वयंपाकघरापासून आणि टीव्हीपासून लांब. गाणी बंद. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड हवा, कारण आपण सगळेच ओठांकडे बघून थोडंफार समजून घेत असतो. मोठ्याने ओरडू नका, समोर येऊन सावकाश बोला. इतकं करून बाबा खुलले तर गप्प राहण्याचं कारण तुम्हाला सापडलं. मग कान तपासून घ्याच. अमेरिकेत ऑक्टोबर 2022 पासून सौम्य ते मध्यम श्रवणदोष असलेल्या प्रौढांसाठीची श्रवणयंत्रं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतात. तरीही आधी तपासणी झालेली बरी. नुसता मळ साचल्यामुळेही ऐकू कमी येतं.

सहलींबद्दल माझं मत स्पष्ट आहे: कमी करा. चौऱ्याहत्तरीतल्या माणसाला एका दिवसात तीन ठिकाणं दाखवली की त्याच्या लक्षात पार्किंगच राहतं. दिवसाला एकच ठिकाण, तेही सकाळी. जायच्या आधी बाकं कुठे आहेत आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते बघून ठेवा आणि बाबांना तसं निघतानाच सांगा. या वयातले बरेच पुरुष वाटेत अडचण नको म्हणून निघण्याआधी पाणीच पीत नाहीत, कोणाला कळूही देत नाहीत, आणि दुपारी उन्हात त्यांना चक्कर येते. ‘तिथे गेल्या गेल्या सोय आहे’ एवढं ऐकलं की ते निर्धास्त पाणी पितात. आणखी एक, राष्ट्रीय उद्यानांचा 62 वर्षांपुढच्यांसाठीचा सवलतीचा पास फक्त अमेरिकी नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना मिळतो. बाबा पाहुणे म्हणून आलेत, तेव्हा अनिवासींसाठीचे नियम आधीच वाचून घ्या.

मोठ्या सहलीपेक्षा त्यांना एक रोजची वाट द्या. घरापासून बागेपर्यंत किंवा ग्रंथालयापर्यंत. पहिला आठवडा तुम्ही सोबत चाला, मग त्यांना एकट्याने जाऊ द्या. खिशात पत्ता लिहिलेली चिठ्ठी, अमेरिकेतला चालू नंबर असलेला फोन आणि 911 हा आणीबाणीचा नंबर कधी लावायचा याची माहिती, इतकं पुरतं. आपण होऊन कुठे जाता येणं ही मोठी गोष्ट आहे. ज्यांनी आयुष्यभर घर चालवलं, त्यांना दूध आणायलाही मुलीच्या गाडीची वाट बघावी लागते, हे आत कुठेतरी लागतं. संध्याकाळी ‘आज बागेत कोण भेटलं?’ असं विचारायला तुम्हालाही विषय मिळतो. समवयस्क माणसं हवी असतील तर जवळच्या महाराष्ट्र मंडळात चौकशी करा. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांची मिळून 1981 पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ ही संस्था आहे, आणि तिचा ‘उत्तररंग’ हा उपक्रम खास ज्येष्ठांसाठी आहे.

आता आठवणी. ‘बाबा, तुमच्या आयुष्याबद्दल सांगा ना’ असं म्हटलं की बहुतेक वडील ‘त्यात काय सांगायचं, चारचौघांसारखं गेलं’ म्हणून मोकळे होतात. प्रश्नच इतका मोठा असतो की त्याला धरायचं कुठे ते कळत नाही. लहान विचारा. पहिल्या नोकरीच्या दिवशी कोणते कपडे घातले होते? घरातून किती वाजता निघायचात? पहिला पगार कोणाच्या हातात दिला? स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांना पुन्हा पुन्हा असं दिसलंय की उतारवयात माणसाला साधारण दहा ते तीस या वयातलं सर्वांत जास्त आणि सर्वांत ठळक आठवतं. तेव्हा निवृत्तीच्या समारंभापासून सुरुवात करू नका. शाळा, वसतिगृह, पहिली खोली, लग्नाआधीची वर्षं, तिकडे वळा.

सगळ्यांत चांगला उपाय मला ठाऊक आहे तो कागद-पेन्सिलीचा. लहानपणीच्या घराचा नकाशा काढायला सांगा. एका ओळखीच्या घरात नातवाने आजोबांना असा कागद दिला. आजोबांनी आधी नुसता चौकोन काढला आणि पेन्सिल खाली ठेवली. नातू म्हणाला, ‘दार कुठे होतं?’ दार काढलं. दाराच्या आत एक गोल आला, ते पाण्याचं पिंप. मग पहाटे नळ किती वाजता यायचा, पाणी भरायची पाळी कोणाची, धाकटा भाऊ पाळी कशी चुकवायचा, शेजारच्या काकू भिंतीवर कशा थाप मारायच्या, असं निघत गेलं. कागदावर जिन्याखालची जागा आली तेव्हा आजोबा थांबले आणि म्हणाले, ‘इथे माझी आजी बसायची.’ त्या आजीबद्दल घरात कोणी तोवर एक शब्दही ऐकला नव्हता.

हे चालू असताना फोन टेबलावर ठेवून ध्वनिमुद्रण करा. फोन विमान मोडवर असू द्या, पंखा बंद ठेवा, आणि बाबांना आधी विचारा. वेळ सकाळची घ्या, संध्याकाळी माणूस दमलेला असतो. अमेरिकेत 2003 मध्ये सुरू झालेल्या स्टोरीकॉर्प्स या संस्थेची पद्धत मला आवडते: एकमेकांच्या जवळची दोन माणसं समोरासमोर बसतात आणि साधारण 40 मिनिटं बोलतात. घरी अर्धा तासही पुष्कळ. तारीख चुकली, नाव चुकलं तर मध्येच दुरुस्त करू नका. फाइलला तारीख आणि विषय लिहा आणि दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवा. घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याआधी पुन्हा परवानगी घ्या. भावकीतली एखादी गोष्ट त्यांनी तुम्हाला सांगितली, म्हणजे सगळ्यांना सांगितली असं होत नाही.

मुलांचं मराठी कच्चं आहे म्हणून त्यांना बाजूला ठेवू नका. त्यांना तीन प्रश्न मराठीत लिहून द्या, वाचून विचारू द्या. उत्तरातलं निम्मं कळलं नाही तरी चालेल, आजोबा हातवारे करतील, तुम्ही जोडून द्याल. एमरी विद्यापीठातल्या मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांना असं आढळलं की ज्या मुलांना आपल्या घराण्याच्या गोष्टी जास्त ठाऊक असतात त्यांचा आत्मविश्वासही सहसा चांगला असतो. गोष्टींमुळेच तो वाढतो असं त्यातून सिद्ध होत नाही. पण गोष्टी सांगायला एकत्र बसणारं घर मुलांना मिळालं, तर त्यात चांगलंच आहे.

बोलताना आईचा विषय निघेलच. बाबांचे डोळे भरले तर ‘जाऊ द्या बाबा’ म्हणून घाईने विषय बदलू नका. मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी 1963 मध्येच मांडलं होतं की उतारवयात मागे वळून पाहणं हे स्वाभाविक आहे आणि त्याला माणसाच्या आयुष्यात अर्थ असतो. शेजारी बसा, पाणी द्या, थांबा. तुम्हीही आई गमावली आहे. कदाचित तुम्ही दोघं तिच्याबद्दल अजून नीट बोललाच नसाल.

तीच गोष्ट ते चौथ्यांदा सांगू लागले तर काळजी करू नका, ऐका, दर वेळी एखादा नवा तपशील निघतो. मात्र तासाभरात तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, ओळखीच्या वाटेवर गोंधळणं, पैशांच्या साध्या हिशेबात चुकणं हे नव्याने दिसू लागलं, किंवा महिनोन्‌महिने कशातच रस राहिला नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

नोव्हेंबरमध्ये निघताना ध्वनिमुद्रणाची एक प्रत पेन ड्राइव्हवर घालून त्यांच्या बॅगेत द्या आणि फोनचा वार-वेळ ठरवून टाका. तुमच्याकडची घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातात, भारतातली जात नाहीत. म्हणजे साडेनऊ तासांचं अंतर साडेदहा होतं. तुमचा सकाळी आठचा फोन त्यांना संध्याकाळी साडेपाचऐवजी साडेसहाला येईल. हे त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते तासभर आधीपासून फोनजवळ बसून राहतील.