पासपोर्ट नूतनीकरणाला गेला असताना ओसीआय कार्डधारकाची नोकरी

प्रश्न : मी मूळची नाशिकची. लग्नानंतर अमेरिकेत गेले, पुढे तेथील नागरिकत्व घेतले आणि २०१२ मध्ये ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला मिळणारे) कार्ड काढले. आई-वडिलांच्या आजारपणामुळे आम्ही कायमचे परत आलो आणि कॉलेज रोडवरील घर सोडून आता पाथर्डी फाट्याकडे राहतो. दोन वर्षांपासून अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीत मी गुणवत्ता विभागाची प्रमुख आहे. वय ५२. पासपोर्टाची मुदत पुढील महिन्यात संपत असल्याने तो नूतनीकरणासाठी मुंबईला पाठवला आहे. नेमकी त्याच वेळी एचआर विभागाने कागदपत्रांची तपासणी काढली आणि ‘नवा पासपोर्ट व नवे ओसीआय कार्ड येईपर्यंत बिनपगारी रजेवर राहावे’ असा ई-मेल पाठवला. तोपर्यंत भारत सरकारचे एखादे ओळखपत्र द्या, असेही ते म्हणतात. माझ्याकडे लग्नापूर्वीचे मतदार ओळखपत्र आहे, ते देऊ का? पॅनकार्डावर माझ्या नावात पतीचे नाव आहे आणि पासपोर्टावर नाही, यावरही हरकत घेतली आहे. कंपनीचा काही माल ओझरच्या विमान कारखान्याला जातो, हे कारणही पुढे केले जात आहे.

उत्तर : आपला पासपोर्ट सध्या हाती नाही, एवढ्या कारणाने आपला नोकरी करण्याचा हक्क थांबत नाही. हा हक्क पासपोर्टाच्या पुस्तिकेतून येत नसून नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ७अ खाली झालेल्या आपल्या नोंदणीतून आणि कलम ७ब खाली केंद्र सरकारने काढलेल्या अधिसूचनेतून येतो. ४ मार्च २०२१ च्या त्या अधिसूचनेने ओसीआय कार्डधारकाला कोणत्याही कारणासाठी भारतात येण्याचा आजीवन व्हिसा दिलेला आहे. संशोधन, धर्मप्रचार, गिर्यारोहण, पत्रकारिता, परदेशी वकिलातीतील नोकरी आणि संरक्षित किंवा प्रतिबंधित क्षेत्रातील प्रवास अशा मोजक्या गोष्टींसाठीच वेगळी परवानगी लागते, आणि खासगी कारखान्यातील गुणवत्ता तपासणी त्यांत कोठेही बसत नाही. ही नोंदणी संपते ती कार्डधारकाने स्वतः तिचा त्याग केला तर, किंवा केंद्र सरकारने कलम ७ड खाली, बाजू मांडण्याची संधी देऊन, ती रद्द केली तर. पासपोर्टाची मुदत संपणे हे त्या कलमातील कारण नाही.

आपल्या एचआर विभागाचा गोंधळ कोठून आला असावा, याचा अंदाज करता येतो. सातपूर-अंबड भागातील कारखान्यांत परदेशी तंत्रज्ञ येतात ते एम्प्लॉयमेंट व्हिसावर. तो व्हिसा विशिष्ट मालकाशी बांधलेला असतो, त्याला किमान वेतनाची अट असते, १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आल्यास १४ दिवसांत परकीय नागरिक नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंदणी करावी लागते आणि मुदतवाढीचा अर्ज वेळेत गेला नाही तर त्या व्यक्तीला कामावर ठेवणे खरोखरच धोक्याचे होते. त्या तंत्रज्ञांसाठी केलेला तक्ता आपल्यालाही लावला गेला, असे दिसते. आपण त्या नोंदणीच्या अटीतून मुक्त आहात आणि आपल्या व्हिसाला मुदतच नाही, हा फरक त्यांना लेखी दाखवून दिला पाहिजे. तोंडी वाद घालून उपयोग होत नाही, कारण ई-मेल लिहिणाऱ्याला आपल्या वरिष्ठांपुढे ठेवायला कागद हवा असतो.

मात्र एका बाबतीत कंपनीची काळजी अगदीच अनाठायी नाही. ओसीआय कार्डधारक हा कायद्याच्या दृष्टीने परदेशी नागरिकच असतो, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन अँड फॉरिनर्स अ‍ॅक्ट, २०२५ नुसार भारतात राहणाऱ्या परदेशी नागरिकाकडे वैध पासपोर्ट असणे अपेक्षित आहे. आपण मुदत संपण्यापूर्वीच अर्ज केला, हे चांगले झाले. अर्जाची प्रत, कुरिअरची पावती, शुल्क भरल्याचा पुरावा आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वाणिज्य दूतावासाकडून आलेला प्रत्येक ई-मेल एकत्र ठेवा. जुन्या पासपोर्टाच्या छायाचित्राच्या व शिक्क्यांच्या पानांच्या प्रती आपल्याकडे असतीलच, त्याही त्यात लावा. नवा पासपोर्ट येण्यापूर्वी जुन्याची मुदत संपली, तर आपण स्वस्थ बसून राहिला नव्हतात, हे याच कागदांवरून दाखवता येईल. ज्यांनी अजून अर्जच केलेला नाही आणि मुदत संपून गेली आहे, त्यांना मात्र मी इतक्या निश्चिंतपणे हे उत्तर देऊ शकणार नाही.

आता ‘नवे ओसीआय कार्ड’ या मागणीविषयी. असे कार्ड आपल्याला काढायचेच नाही, त्यामुळे ते येईपर्यंत थांबण्याचा प्रश्नही उद्भवत नाही. पूर्वी ठरावीक वयात पासपोर्ट बदलला की कार्डही नव्याने काढावे लागे. गृह मंत्रालयाने १५ एप्रिल २०२१ रोजी ती अट शिथिल केली. वीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वी ज्यांची नोंदणी झाली, त्यांनी विसाव्या वर्षानंतर नवा पासपोर्ट मिळाल्यावर एकदाच कार्ड पुन्हा घ्यायचे, आणि ज्यांची नोंदणी त्या वयानंतर झाली त्यांना तेही बंधन नाही. आपण दुसऱ्या गटात येता. पण वयाची पन्नास वर्षे पूर्ण झाल्यानंतर मिळालेल्या पहिल्या पासपोर्टाची प्रत आणि अलीकडचे छायाचित्र ओसीआय सेवेच्या संकेतस्थळावर चढवणे आवश्यक आहे, आणि त्यासाठी नवा पासपोर्ट हाती आल्यापासून तीन महिन्यांची मुदत आहे. आपला मागील पासपोर्ट बेचाळिसाव्या वर्षी निघालेला असल्याने आता येणारा पासपोर्ट नेमका तोच पहिला ठरतो. या कामाला शुल्क नाही, त्यामुळे दलालाला पैसे देण्याचेही कारण नाही. कागद चढवल्यावर ई-मेलने पोच मिळते. नव्या पासपोर्टाच्या तारखेपासून ती पोच मिळेपर्यंत भारतात येण्याजाण्यावर निर्बंध नाही, हे त्याच निर्णयात स्पष्ट केले आहे. नव्या पासपोर्टात नाव किंवा अन्य वैयक्तिक तपशील बदलला असेल, तरच कार्ड पुन्हा काढावे लागेल. जाता जाता, ज्यांना ओसीआय कार्ड भारतीय किंवा ओसीआय व्यक्तीचा परदेशी मूळ असलेला जोडीदार म्हणून मिळाले आहे, त्यांना ही सवलत अशीच्या अशी लागू होत नाही. त्यांनी दर वेळी नवा पासपोर्ट चढवायचा असतो आणि विवाह टिकून असल्याचे प्रतिज्ञापनही द्यायचे असते.

कंपनीने जे विचारलेच नाही आणि आपल्या पत्रातूनही जे निसटले आहे, ते मला या सगळ्याहून महत्त्वाचे वाटते. २०२१ च्या त्याच अधिसूचनेने कार्डधारकाला परकीय नागरिक म्हणून करायच्या नोंदणीतून मुक्त करताना एक अट घातली आहे : जो कार्डधारक भारतातच वास्तव्य करतो, त्याने कायमचा पत्ता बदलला किंवा व्यवसाय बदलला, तर संबंधित परकीय नागरिक नोंदणी अधिकाऱ्याला ई-मेलने कळवायचे. आपण कॉलेज रोडवरील घर सोडून पाथर्डी फाट्याकडे राहायला गेला आहात आणि दोन वर्षांपूर्वी नोकरी धरली आहे, असे पत्रात आहे. ही माहिती कळवल्याचा उल्लेख मात्र कोठेही नाही. नाशिकमध्ये परकीय नागरिकांच्या नोंदणीचे काम पोलीस दलाकडे आहे, आणि शहरातील रहिवाशाने पोलीस आयुक्तालयातील संबंधित शाखेशी संपर्क साधायचा असतो. तेथील सध्याचा अधिकृत ई-मेल पत्ता विचारून घ्या आणि नाव, ओसीआय क्रमांक, जुना व नवा पत्ता, नोकरीचा प्रकार आणि ती सुरू झाल्याची तारीख एवढा साधा मजकूर आजच पाठवा. उशिराबद्दल लांबलचक खुलासा लिहू नका. ‘ही माहिती यापूर्वी कळवायची राहून गेली, ती आता कळवत आहे’ एवढे वाक्य पुरेसे आहे. अशा ई-मेलने नोकरीची परवानगी मागितली जात नाही, केवळ माहिती दिली जाते. म्हणून उत्तराची वाट पाहत काम थांबवण्याची गरज नाही. पाठवलेल्या ई-मेलची प्रत मात्र छापून ठेवा.

मतदार ओळखपत्र देऊ नका. अमेरिकेचे नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारले त्या दिवशी नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार आपले भारतीय नागरिकत्व संपले, आणि कलम ७ब मध्ये ओसीआय कार्डधारकाला जे हक्क नाहीत त्यांत मतदार म्हणून नोंदणीचा हक्क स्पष्टपणे समाविष्ट आहे. ते जुने ओळखपत्र आज कोणालाही दाखवणे म्हणजे आपण भारतीय नागरिक आहोत असे भासवण्यासारखे आहे, आणि ज्या नोंदणीवर आपला सारा मुक्काम उभा आहे तिच्यावरच संशय यावा असा हा कागद होईल. आपले नाव अजूनही यादीत आहे का, ते पाहा. असेल तर नमुना ७ भरून ते वगळण्यासाठी अर्ज करा. निवडणुकीच्या तोंडावर घरातील सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकत्र येतात आणि ‘नाव आहे तर करून या मतदान’ असे नातेवाईक सहज म्हणून जातात. त्या वेळी होणारी चूक पुढे निस्तरणे फार अवघड असते, हे मी अनेक कुटुंबांना सांगत आलो आहे.

ओळखीसाठी ओसीआय कार्ड, पॅन आणि असल्यास आधार पुरेसे आहेत. परदेशी नागरिकालाही बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात वास्तव्य असल्यास आधार मिळतो, ओसीआय कार्डधारकाच्या आधारची वैधता दहा वर्षे असते, आणि आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही असे आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच म्हटले आहे. त्यामुळे ते दाखवल्याने कोणाची दिशाभूल होत नाही. आधार नसेल आणि कंपनीने पॅन-आधार जोडणीचा आग्रह धरला, तर भारताचे नागरिक नसलेल्या व्यक्तींना ११ मे २०१७ च्या अधिसूचनेने त्या जोडणीतून वगळले आहे, हे त्यांना कळवा.

नावाचा प्रश्न आपल्याकडे घरोघरी असतो. स्वतःचे नाव, पतीचे नाव आणि आडनाव ही आपली रीत पॅनवर उतरते, आणि अमेरिकी पासपोर्टावर मधले नाव गळते. यात बेकायदा काही नाही. परंतु दोन्ही नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत असे नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र तूर्त कंपनीला द्या आणि सवडीने पॅनवरील नाव पासपोर्ट व ओसीआयप्रमाणे दुरुस्त करून घ्या. दुरुस्तीची दिशा हीच ठेवा, कारण परदेशी नागरिकाच्या नावाचा मूळ आधार त्याचा पासपोर्ट असतो. पॅनशी जुळावे म्हणून पासपोर्ट बदलायला गेलात, तर वर सांगितल्याप्रमाणे ओसीआय कार्डही नव्याने काढावे लागेल. नवा पासपोर्ट आला की त्याचा क्रमांक बँकेत आणि भविष्य निर्वाह निधीच्या खात्यातही नोंदवून घ्या.

ओझरच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. अंबडमधील आपल्या कारखान्यात बसून त्या कामाच्या गुणवत्तेवर देखरेख करणे ही एक गोष्ट झाली, आणि संरक्षण उत्पादनाच्या आवारात प्रत्यक्ष जाणे ही दुसरी. आवारातील प्रवेश त्या संस्थेच्या सुरक्षा नियमांवर ठरतो आणि परदेशी नागरिकासाठी तेथे आगाऊ परवानगी अपेक्षित असते. ओसीआय कार्ड तेवढ्यावरून दार उघडत नाही. पुरवठ्याच्या करारात परदेशी नागरिकांना आराखडे दाखवण्यावर अट आहे का, हे कंपनीने तपासावे. तशी अट असल्यास ते विशिष्ट काम दुसऱ्या सहकाऱ्याकडे देणे योग्य ठरेल, पण त्यासाठी आपल्याला घरी बसवण्याचे कारण दिसत नाही. ही अडचण पासपोर्ट नवा आला तरी तशीच राहणार आहे, त्यामुळे कंपनी ती आज पुढे करीत असेल तर ती नूतनीकरणाशी जोडू देऊ नका.

राहिला पगाराचा प्रश्न. रजा कर्मचाऱ्याने मागायची असते. कर्मचारी कामाला तयार असताना मालकाने त्याला दूर ठेवले, तर त्याला रजा म्हणता येत नाही आणि त्या काळाचा पगार मागता येतो. पण आपण विभागप्रमुख असल्याने औद्योगिक कायद्यांतील ‘कामगार’ या व्याख्येत बहुधा येणार नाही. कामगार आयुक्तांकडे औद्योगिक वाद नेण्याचा सोपा मार्ग आपल्याला बहुधा उपलब्ध नसेल आणि करारावर आधारित दिवाणी दावा करावा लागू शकतो. दोन-तीन महिन्यांच्या पगारासाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी, असा सल्ला मी देणार नाही. त्याऐवजी एचआर विभागाला आणि त्यांच्या वरिष्ठांना एकच सविस्तर ई-मेल पाठवा. आपण कामावर हजर होण्यास तयार आहात आणि बिनपगारी रजा मागितलेली नाही, हे त्यात पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहा. त्यानंतर अधिसूचनेची तारीख, एप्रिल २०२१ चा निर्णय, अर्जाचे पुरावे आणि ओसीआय कार्डाची प्रत जोडा, आणि आपल्याला कामावरून दूर ठेवण्याची कायदेशीर तरतूद कोणती ते सात दिवसांत लेखी कळवावे, अशी विनंती करा. नियुक्तीपत्रात ‘वैध पासपोर्ट सतत सादर करणे’ अशी अट असेल तर ती मला पाठवा, कारण तशी अट असल्यास पगाराविषयीचे माझे मत थोडे बदलू शकते. नोकरीच्या कायदेशीरपणाविषयीचे बदलणार नाही.

सात दिवसांत उत्तर आले नाही, तर वकिलामार्फत नोटीस द्यावी. त्यापूर्वी पोलीस आयुक्तालयाला पाठवायचा ई-मेल गेलेला असला पाहिजे.