पांढऱ्या ऑर्किडच्या कळ्या गळतायत? आधी आंब्याची अढी कुठेय ते बघा

नमस्कार मंडळी, यावेळी आंबा-काजू राहिले बाजूला आणि ऑर्किडवरच तीन प्रश्न आलेत, म्हणून एकत्रच उत्तर देतो.

पहिला प्रश्न देवगडकडच्या एका ताईंचा. पुण्याहून पांढरं फॅलेनॉप्सिस जातीचं ऑर्किड आणलं, दांड्यावरच्या सात-आठ कळ्या पिवळ्या पडून गळाल्या, कुठलं औषध मारू? ताई, औषध नको. तुमच्या फोटोत कुंडीच्या मागेच पेंढ्यात आंबे पिकायला घातलेले दिसतायत! पिकणारं फळ इथिलीन वायू सोडतं, त्यानेच तर शेजारचे आंबे भराभर पिकतात, पण या ऑर्किडच्या कळ्यांना तो अजिबात सोसत नाही. कुंडी दुसऱ्या खोलीत हलवा, गळल्या त्या गेल्या. आमच्या घरी केळीच्या घडाने हेच केलं होतं, बायको अजून ऐकवते.

दुसरा प्रश्न चिपळूणच्या दादांचा. मुळं पांढरीफटक होऊन कुंडीबाहेर यायला लागली म्हणून त्यांनी लाल माती भरून झाकून टाकली आणि आता पानं लोळली. दादा, माती आजच काढा. हे झाड मुळात झाडाच्या सालीवर वाढणारं, मुळं हवेतच पाहिजेत, त्यावर स्पंजासारखं आवरण असतं, ते कोरडं असलं की चंदेरी-पांढरं दिसतं आणि पाणी पडलं की थोड्या वेळात हिरवं होतं, म्हणजे पांढरं मूळ मेलेलं नाही, तहानलेलं आहे. मेलेलं मूळ तपकिरी होतं आणि दाबलं की पिचकतं, तेवढीच स्वच्छ कात्रीने कापा. मग नारळाच्या सोडणाचे तुकडे दोन दिवस पाणी बदलत भिजवून, त्यात कोळसा आणि फुटक्या कौलाचे खडे मिसळून भरा. कुंडी पारदर्शक प्लॅस्टिकची, भरपूर भोकांची घ्या, म्हणजे मुळं दिसतात आणि पाणी कधी घालायचं ते मुळंच सांगतात. मे महिन्यात दोन-तीन दिवसांनी लागेल, पावसाळ्यात कदाचित आठवड्याने. पाणी सकाळीच घाला, मधल्या पोंग्यात साचलं तर कापसाने टिपून घ्या, तिथून कूज लागली तर झाड वाचत नाही. आणि नर्सरीतलं झाड बहुतेक वेळा शेवाळात बांधलेलं असतं, वरून कोरडं, आत चिंब. आपल्या कोकणच्या पावसाळी हवेत ते वाळतच नाही, त्यामुळे फुलं संपली की ते शेवाळ काढून टाका.

तिसरा प्रश्न, ऑर्किड आंब्याच्या खोडाला बांधलं तर बांडगुळासारखं आंब्याला खाईल का? नाही हो. बांडगूळ मुळं आत घुसवून रस पितं, हे फक्त सालीला धरून बसतं, आपली सीतेची वेणी, म्हणजे रानातलं ऑर्किड, बसते तसंच. सावलीच्या बाजूला काथ्याने बांधा, दुपारचं ऊन लागलं तर पानं भाजतात, गोगलगायींवर मात्र लक्ष ठेवा. पाऊस कोसळत असेल तेव्हा खरं तर पडवीतली कुंडीच बरी.

परत फुलं कधी येतील असंही तिसरा प्रश्न विचारणाऱ्यांनी विचारलंय. नोव्हेंबरपासून रात्री कुंडी पडवीत ठेवा, तीन-चार आठवडे रात्री 18-20 अंशांपर्यंत गारवा मिळाला की दांडा निघतो. वाढ चालू असताना 19:19:19 खत आठवड्याला लिटरमागे 1 ग्रॅम, तेही मुळं आधी भिजवून मगच.