कुत्र्याला शिकवताना मालकांकडून कोणत्या चुका होतात?
सर्वांत मोठी चूक म्हणजे उशिरा केलेली शिक्षा. सकाळच्या घाणीवरून संध्याकाळी कामावरून परतल्यावर रागावले, तर कुत्र्याला त्या दोन गोष्टींचा संबंध लागत नाही. तो कान पाडून, शेपूट पायांत घालून बसतो, पण ती अपराधाची कबुली नसून आपल्या चढलेल्या आवाजाची भीती असते, आणि पुढे तो आपल्यासमोर लघवी करणेच टाळून पलंगामागे जाऊ लागतो. घाणीत नाक घासणे तर निव्वळ क्रूरपणा आहे. त्याऐवजी पिल्लाला उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच बाहेर न्यावे व त्याचे उरकताच, एक-दोन सेकंदांच्या आत, उकडलेल्या चिकनचा लहानसा तुकडा द्यावा. घरी येऊन डबा उघडेपर्यंत उशीर झालेला असतो.

दुसरी चूक घरच्यांची. आई 'ये' म्हणते, बाबा 'कम' म्हणतात, आजोबा जेवताना ताटातली पोळी टाकतात, आणि मग कुत्रा ऐकत नाही अशी तक्रार होते. शब्द एकच ठरवावा. सराव ५ ते १० मिनिटांचाच, पण रोज असावा. हाकेला ओ देऊन जवळ आलेल्या कुत्र्याला मात्र कधीही मारू नये, कारण उद्या तो भर रस्त्यात सुटला, तर त्याच हाकेवर त्याने परत यायचे असते.