बरं वाटतंय त्या दिवशी जपा

"रिपोर्ट सगळे नॉर्मल, मग अंग दुखतंय कशाने?" घरच्यांचा हा प्रश्न बायका माझ्याकडे घेऊन येतात. त्याच्या आड दुसरी काळजी असते: अशा अंगाने घरातल्यांना दोन वेळचं जेवायला घालायचं कसं?

मालवणजवळच्या एका गावातल्या वहिनी अशाच आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) वय चाळिशीतलं, डॉक्टरांनी फायब्रोमायल्जिया सांगितलेला. यात सांधे झिजत नाहीत, रक्तात काही सापडत नाही. मज्जासंस्था वेदना वाढवून दाखवते, झोप लागत नाही, थकवा हटत नाही. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या अशा दुखण्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या वर्गीकरणात आजार म्हणून स्वतंत्र जागा आहे. सांधे सुजत असतील, सकाळी उठल्यावर बोटं बराच वेळ आखडून राहत असतील किंवा वजन उतरत असेल, तर मात्र पुन्हा डॉक्टरांकडे जा.

वहिनी म्हणाल्या, "माका बरां वाटला काय मी सगळां उरकून घेतंय." कपडे, अंगण, भाकऱ्या, नारळ, सगळं एका दिवसात. मग दोन दिवस अंथरुणात. सासूबाईंना दिसायचा तो उरक, त्यामुळे नंतरचं पडून राहणं त्यांना ढोंग वाटायचं. मला विचाराल तर हे चक्र दुखण्याइतकंच माणसाला मोडतं.

म्हणून आम्ही वेळ बांधून घेतली. उभ्याने वीस मिनिटांनी कंबर भरून येते ना, मग बाराव्या मिनिटाला बसायचं, दुखत नसलं तरी. पहिले काही दिवस त्यांना हे पटेना. धडधाकट दिसताना बसायची लाज वाटते, विशेषतः सासू बघत असताना. भाजी चिरणं आणि तांदूळ निवडणं जमिनीवरून टेबल-खुर्चीवर आलं. भाकऱ्या रोजच्या ऐवजी आठवड्यातून दोनदा, एरवी भात.

फार दुखेल त्या दिवसाचं जेवण आधीच ठरवलं: कुळथाची पिठी, भात आणि भाजलेली सुकट. पिठीला वाटप, म्हणजे खोबऱ्याचं वाटण, लागत नाही, हे महत्त्वाचं. वाटप करून फ्रीजमध्ये ठेवा, असं सांगणं सोपं आहे. आमच्याकडे पावसात वीज गेली की कधी येईल त्याचा नेम नसतो.

त्यांचे यजमान रिक्षा चालवतात. भले माणूस. "काय करायचं ते सांगत जा, मी करतो," म्हणाले. पण रोज आठवण करायची, सांगायचं, वर तोंड बघायचं, हेही बाईलाच करावं लागतं. मी त्यांना मदतनीस होऊ दिलं नाही, दोन कामं अख्खी दिली. मासे: बाजारातून आणताना कोळणीकडूनच कापून घ्यायचे, घरी धुवायचे, मीठ-हळद लावायची. आणि नारळ: सोलण्यापासून खवून आडाळी (खवणीची विळी) धुऊन ठेवण्यापर्यंत. पहिल्या आठवड्यात खोबऱ्यात करवंटीची साल येत होती. सासूबाई बोलल्या. वहिनींनी उठून पुन्हा खवायचं नाही, एवढीच माझी अट होती. (जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ते नारळावरच सुटतात, हे वहिनींनी मला हसत दाखवून दिलं.)

खरी कसोटी चतुर्थीची. मुंबईचे चाकरमानी येणार, घरात पंधरा पानं. आदल्या वर्षी सगळं एकटीने निभावून त्या विसर्जनानंतर आठवडाभर पडून होत्या. यंदा महिनाभर आधी यजमानांनीच मुंबईला फोन केला, कोणी काय करायचं ते वाटून दिलं. कामं सांगायला बायकोला पुढे केलं असतं तर ती वाईट झाली असती. मोदकांवरून मात्र अडलं. सासूबाईंना विकतचे चालेनात. शेवटी नैवेद्याचे एकवीस घरी वळायचे, तेही सासूबाई आणि जावांनी, आणि बाकीचे बचत गटाच्या बायकांकडून आणायचे असं ठरलं. वहिनींकडे पिठाची उकड, बसून मळायची. सासूबाई अजून म्हणतात, बाहेरच्यांच्या कळ्या नीट नसतात.